सहाव्या मजल्याची पाळी

मीरा रोडच्या सागरकिरण सोसायटीत गिरिजा सावंतांना कोणी आडनावाने ओळखत नाही. त्या ऑपरेटर ताई. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं बोर्डावर बसून त्यांनी लोकांचे ट्रंक कॉल जोडले. नोकरी सुटली, पण जोडायची खोड काही सुटली नाही. कोणाला भाडेकरू हवा, कोणाला पोरीसाठी स्थळ, कोणाला रत्नागिरीचा खात्रीचा आंबेवाला, सगळं ताईंच्या सहाव्या मजल्यावरून जुळायचं.

दोन वर्षांपूर्वी पुरात पार्किंग बुडालं, मोबाईल मुके झाले आणि वरच्या मजल्यावर जास्तीचं दूध नासून ओतून टाकावं लागत असताना खालची बाळं दुधावाचून रडली. त्यानंतर सोसायटीने मजल्यामागे एक असे सात वॉकीटॉकी आणले. नेट नको, टॉवर नको, पेन्सिल सेल घातले की काम चालू. सगळे एकाच चॅनेलवर, म्हणजे एक बोलला की सात मजले ऐकणार. कारभार अर्थातच ताईंकडे आला आणि त्यांनी शिस्त लावली. पूर आला की सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता त्या पहिल्या मजल्यापासून हजेरी घेणार. पाणी, दूध, तांदूळ, गॅस, मेणबत्त्या. काय जास्त आहे, काय कमी आहे? ज्याचं त्याला जोडून द्यायचं, आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून बादली वरखाली करायची. ही प्रश्नांची यादी ताईंनी स्वतः केली होती. अगदी काडेपेटीसुद्धा तिच्यात होती.

आजारपण मात्र नव्हतं. ते विसरलं नव्हतं, गाळलं होतं.

कारण असं, की घरात ताईंचे यजमान हरिश्चंद्र सावंत होते. शाळेत पी.टी.चे सर. छाती पुढे, पोट आत, असं ओरडत त्यांनी भाईंदरची दोन पिढ्यांची पोरं मैदानावरून पळवली. त्याच छातीने दोन वर्षांपूर्वी दगा दिला. फुप्फुसं कडक झाली, आणि हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन बेडरूममध्ये दिवसरात्र घुरघुरू लागलं. "कोणाला कळता कामा नये," एवढंच सर म्हणाले. मग काय, शेजारी विचारतील तेव्हा सरांचे गुडघे दुखत होते आणि आवाज जुन्या फ्रिजचा होता. त्या फ्रिजची इतकी बदनामी झाली, की चौथ्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी एक्स्चेंज ऑफरचं पत्रक आणून दिलं. ताईंनी ते घडी घालून ठेवलं आणि थँक्यू म्हटलं. हसावं की रडावं!

यादीत आजारपण घातलं असतं, तर सहाव्या मजल्याची पाळी आल्यावर सात मजल्यांसमोर खोटं बोलावं लागलं असतं. ते टाळायचा ताईंना सापडलेला हा सोपा रस्ता होता. माणसं हुशार असली की अशीच फसतात.

या जुलैत भरती आणि पाऊस एकाच वेळी आले. दुपारी मीटर रूममध्ये पाणी शिरलं, वीज गेली, लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकली आणि बेडरूममधली घुरघुर थांबली. घरात ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता. तो जपून, थांबून थांबून वापरत त्यांनी दुसऱ्या दिवसाची सकाळ गाठली. खाली छातीइतकं पाणी. सिलिंडरवाला भाईंदर पश्चिमेला, आणि त्याचा नंबर गतप्राण मोबाईलमध्ये. खिडकीला ग्रिल, दाराबाहेर अंधारा जिना, जिन्याच्या टोकाला पाणी. ताई हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल अशा फिरत राहिल्या.

आठच्या हजेरीला त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. पहिल्या मजल्यावरची बिस्किटं त्यांनी पाचव्यावर पोचवली. तिसऱ्यावरच्या रोशन शेखने बारा मेणबत्त्या दिल्या. विमलाबाई नुसत्याच म्हणाल्या, "आमचं बरं आहे."

"सहावा मजला, सगळं ठीक," ताई म्हणाल्या आणि सातव्याकडे वळल्या.

अकराच्या सुमारास सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला. सर पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसले होते. ओठ निळसर दिसायला लागले होते.

"अहो, सांगू का मी?"

सरांनी मास्क बाजूला केला. "नाही."

"ऐका माझं."

"माझी शाळेतली पोरं... आहेत खाली. पळवलंय मी त्यांना." मग बराच वेळ ते नुसते श्वास गोळा करत राहिले.

ताईंना संताप आला. नवऱ्याचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हातात सात मजल्यांना ऐकू जाणारा डबा आहे, आणि आपण त्यातून काडेपेट्या वाटतोय! पण बटणावर अंगठा गेला, की खाली कोण काय म्हणेल हे आधी ऐकू यायचं. फ्रिज म्हणे! दोन वर्षं फसवलं आम्हाला. तेवढ्या भीतीने अंगठा परत मागे यायचा. दोन वेळा असं झालं.

एकची हजेरी सुरू झाली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. पेन कागदावरून चालत होतं, कान बेडरूमकडे होते. सहाव्याची पाळी आली. मागे सरांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्यांनी हात वर करून नको म्हटलं. ताईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

"सहावा मजला," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "सरांना ऑक्सिजन लागतो. दोन वर्षं लागतोय. फ्रिज नाही तो. सिलिंडर संपत आलाय... कोणाकडे काही असेल तर वर या हो!"

डब्यात दोन-तीन आवाज एकमेकांवर आदळले आणि त्यातून रोशनचा आवाज वर आला.

"आंटी, मेरे पास है. अब्बा का. फुल भरा हुआ है. आ रहा हूँ."

तीन मजले लोखंडी सिलिंडर खांद्यावर घेऊन रोशन चढला. दारात आला तेव्हा त्याच्या शर्टातून घाम जमिनीवर ठिबकत होता. नळी जोडताना त्याचे हात अजिबात चाचपडले नाहीत. बापासाठी त्याने हे वर्षभर केलं होतं, हिवाळ्यात बाप गेला तोवर. काटा हिरव्यावर गेला. सरांनी डोळे मिटून घेतले.

"अरे, कालपासून तुझ्याकडे होता?" ताई म्हणाल्या.

"हाँ आंटी. आपने चावल पूछा, मोमबत्ती पूछी. ये किसी ने पूछा ही नहीं." तो हे तक्रार म्हणून म्हणाला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

डब्यात खरखर झाली. विमलाबाई होत्या, अगदी हळू बोलत होत्या.

"ताई, मी बोलू का? माझं इन्सुलिन कालपासून गरम झालंय. घेऊ की नको कळत नाही. डोकं गरगरतंय."

"विमलाबाई, सकाळी तुम्ही बरं आहे म्हणालात!"

"यादीत नव्हतं ना. वाटलं, हे विचारायचं नसतं."

ताई खाली बसल्या. काल दुपारपासून एक बाई दोन मजले खाली गरगरत बसली होती, आणि तिला गप्प त्यांनी केलं होतं. सावंतांच्या अब्रूची किंमत विमलाबाई भरत होत्या.

मागून सरांनी डब्याकडे हात पुढे केला. ताईंना वाटलं, ते आता बंद करायला सांगणार. सरांनी मास्क उचलला, बटण दाबलं, आणि मैदानावरचा आवाज आणायचा प्रयत्न केला. तो काही आला नाही. आला तो फाटका, धापा टाकणारा.

"मी सावंत सर. सहावा मजला. फुप्फुसाचा आजार." श्वास. "पहिल्या मजल्यापासून... एकेकाने सांगा. घरात आजारी कोण आहे?"