काशीत सोडलेलं संत्रं

आमच्या घरात व्होडका होती, पण तिला कुणी व्होडका म्हणत नसे. बायको तिला सरबत म्हणायची. ती शनिवार पेठेतली. तिच्या माहेरी पाहुण्याला चहासुद्धा माणूस बघून विचारत, तिथे बाटलीचं नाव काढायची सोयच नव्हती. मी विदर्भातला. लग्नानंतर आम्ही विश्रांतवाडीत राहायला आलो आणि पहिल्याच थंडीत माझ्या मोठ्या भावाने गावाकडून संत्र्यांची पेटी पाठवली. खाऊन झालं, शेजारी वाटून झालं, तरी पेटी अर्धी शिल्लक. तेव्हा तिने ते सरबत पहिल्यांदा केलं.

उंच काचेच्या पेल्यात तळाशी गोड अमृतकोकम, लालबुंद. त्यावर चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून हळूहळू सोडलेला संत्र्याचा रस. आणि सगळ्यात वर लिंबाच्या साली घालून मुरवलेली व्होडका, पिवळसर झालेली. नीट जमलं तर लाल, केशरी, पिवळा असे तीन पट्टे दिसत. रस मिक्सरमधून काढलेला तिला चालत नसे. बिया भरडल्या की कडू होतो म्हणायची. प्रत्येक फोड सोलून, फडक्यातून पिळून घ्यायची. मग त्यात मीठ आणि आणखी काय काय चिमटीने टाकायची आणि तळहातावर थेंब घेऊन चाटून बघायची. मी एकदा प्रमाण विचारलं, तर म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही पिण्याचं बघा. तेवढं तुम्हाला बरं जमतं.’’

थंडीतल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसून ते प्यायचो. एका पेल्यात तिची जीभ सुटायची आणि माहेरच्या एकेका माणसाची उजळणी व्हायची. त्यात तिच्या मामांचा नंबर हमखास लागे. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक खायची गोष्ट तिथे कायमची सोडून यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मामा शेपू सोडून आले होते. शेपूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. ‘‘देवालासुद्धा गंडवून आले, तेही रिझर्वेशन करून,’’ असं म्हणून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

मुलीला त्या पेल्याचं फार आकर्षण. लहानपणी ती समोर बसून रंग बघायची आणि आई तिला मोसंबी पिळून द्यायची. ‘मोठी झालीस की देईन’ हे ठरलेलं होतं. मोठी झाली आणि नोकरीला बंगळुरूला गेली. यायची ती गणपतीत नाहीतर दिवाळीत, आणि गावाकडची पेटी यायची दिवाळी उलटून गेल्यावर. गेल्या थंडीत मात्र तिने आधीच रजा काढून ठेवली होती. ती आली तेव्हा आई अतिदक्षता विभागात होती. पेटी दारामागे तशीच बांधलेली राहिली. सगळं आटोपल्यावर कधीतरी मी ती वॉचमनला देऊन टाकली.

अस्थी घेऊन मी एकटाच काशीला गेलो. घाटावरच्या गुरुजींनी ओंजळीत गंगेचं पाणी दिलं आणि विचारलं, काय सोडणार? मला मामा आठवले. मी ठरवलं, आपण असली चलाखी करायची नाही. जे सोडलं तर खरोखर जिवाला लागेल तेच सोडायचं. मी संत्रं सोडलं. देव आहे की नाही याबद्दल माझं अजून नक्की ठरलेलं नाही, पण शब्द दिला की दिला, हा माझा स्वभाव. गाडीत परतताना मला चक्क बरं वाटत होतं. तिच्यासाठी काहीतरी मोठं केलं असं वाटत होतं. भावाला फोन करून सांगितलं, यापुढे पेटी पाठवू नकोस. का, ते त्याने विचारलं नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, आता खाणार कोण.

यंदा वर्षश्राद्धाला मुलगी आली. श्राद्ध पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली. एका पिशवीत संत्री होती. दुसरीत बाकीचं सगळं. लिंबाच्या साली घालून मुरवलेली व्होडका तिने बंगळुरूहूनच बाटलीत भरून आणली होती.

‘‘बाबा, आज आईचं सरबत. मी करते, तुम्ही फक्त चव सांगा.’’

‘‘मी संत्रं सोडलंय,’’ मी म्हणालो.

‘‘म्हणजे?’’

‘‘काशीला.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘व्होडका चालते आणि संत्रं चालत नाही?’’

‘‘व्होडका सोडलेली नाही.’’

तिला हसू आलं. अगदी आईसारखं, नाकातून. मग हसणं थांबवून ती म्हणाली, ‘‘बाबा, ते कसं लागायचं हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मग मला कोण सांगणार?’’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं संत्रं सोडलं असं समजत होतो. त्याच्याबरोबर पोरीच्या वाटणीचंही सोडून आलो होतो.

मी खाली बसलो आणि संत्री सोलायला घेतली. हात लावायला तर हरकत नव्हती. एकेक फोड सोलून तिच्या पुढ्यात ठेवत गेलो, बिया बाजूला काढत गेलो. घरभर तो वास सुटला. ती फडक्यातून रस पिळत होती. पहिल्या पेल्यात तिने घाई केली, सगळं एकात एक मिसळून गढूळ झालं. दुसऱ्या वेळी तिने चमचा पालथा धरला, श्वास रोखून आधी रस, मग व्होडका सोडली आणि तीन पट्टे लागले. लाल, केशरी, पिवळा. तिने पेला माझ्यापुढे धरला.

मी घेतला. दिलेल्या शब्दाचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण ज्या बाईसाठी शब्द दिला होता, ती इथे असती तर तिनेच माझी मामांपेक्षा जास्त खिल्ली उडवली असती. मी ढवळून एक मोठा घोट घेतला.

आंबट, गोड, मागून कोकमाचा तुरटपणा. मी डोळे मिटले. आणखी एक घोट घेतला.

‘‘आईचं असंच होतं? आंबट जास्त झालंय का?’’

‘‘थोडं.’’

तिने कोकम वाढवलं. ‘‘आता?’’

‘‘थोडं गोड झालं बहुतेक.’’

तिने मिठाची चिमूट टाकली, मग लिंबू पिळलं, मग पुन्हा रस. प्रत्येक वेळी मी काहीतरी सांगत होतो आणि प्रत्येक वेळी ती ते ऐकत होती. शेवटी तिने चमचा खाली ठेवला.

‘‘बाबा, तुम्हाला आठवत नाहीये ना?’’

नव्हतं आठवत. इतक्या वर्षांचे शनिवार, आणि जिभेवर त्यातलं काहीही उरलं नव्हतं. तिच्या आईचा चेहरा आठवत होता, तळहात चाटून बघणं आठवत होतं, चव मात्र गेली होती. मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. स्मशानात मी रडलो नव्हतो. घाटावरही नाही.

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग माझ्या हातातला पेला घेऊन तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

‘‘मग हेच,’’ ती म्हणाली. ‘‘आता हेच आईचं सरबत.’’

तिने त्याच अंदाजाने आणखी एक पेला भरला. आम्ही गॅलरीत जाऊन बसलो आणि तिच्याबरोबर मी माझा पेला पूर्ण संपवला. सरबत तिच्या आईवाचूनही चांगलं झालं होतं. तेच मला सहन होत नव्हतं.