व्हिडिओत मी गेलो तेव्हा

लस टोचताना माझा मृत्यू झाला, ही बातमी मला फर्दापूरहून माझ्या थोरल्या बहिणीनं फोन करून दिली.

"सुऱ्या, तू गेलास म्हणं!"

"अक्का, मीच बोलतोय ना!"

"ते ऐकू येतंय. पण व्हिडिओत तर तू गेलेला हायस."

या व्हिडिओचा निर्माता, नायक आणि (आता कळतंय) खलनायकही मीच. अक्काला जुना दमा. त्यात खानावळ चालवते, म्हणजे दिवसभर परक्या माणसांत. साथ गावात शिरलेली, आणि ही लस घ्यायला तयार नाही! म्हणून ठरवलं, स्वतः लस घेतानाचाच व्हिडिओ तिला पाठवायचा. "भ्यायचं काय त्यात?" हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलं होतं.

नेमका त्याच सकाळी टँकर आला. शहराच्या टोकाला, मुकुंदवाडीपलीकडच्या आमच्या नव्या वसाहतीत इमारती भराभर उगवतात, पाइपलाइन तेवढी उगवायची राहिलीय. उपाशीपोटी चौदा बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्या आणि तसाच केंद्रावर गेलो. बायको मोबाइल रोखून उभी. मी ऐटीत म्हणालो, "अक्का, बघ, भ्यायचं काय त्यात?" नर्सबाईंनी सुईचं टोपण काढलं. फक्त टोपण! मी खुर्चीसकट आडवा.

"अहो! अहो! अजून टोचली पण नाही!" बायको किंचाळली.

पाणी पिऊन, दोन बिस्किटं खाऊन, डोळे गच्च मिटून मी लस घेतली. दंड जरा दुखला, एवढंच. आणि गंमत म्हणून तो अख्खा व्हिडिओ मीच नातेवाइकांच्या (अक्का नसलेल्या) ग्रुपवर टाकला! (अक्कल चौदाव्या बादलीबरोबर जिन्यात सांडली असावी.)

चार दिवसांनी तो फिरून परत आला, वीस सेकंदांचा होऊन. टोपण गायब. बायकोचं फक्त "अहो! अहो!" शिल्लक. मागं रडकं संगीत, वर लाल अक्षरं: 'लस घेताच कोसळला!'

मी एसटीनं फर्दापूर गाठलं. अक्कानं आधी चिमटा काढून पाहिलं, मग भाकरी वाढली.

"पटलं ना आता?"

"तू जिता हायस, ते पटलं. पण शेजारची कमल म्हणती, असर मागून व्हतो."

"अगं, सुई लागलीच नव्हती!"

"मंग पडलास कशानं?"

"...भीतीनं."

"बघ! सोता भितो आन् मला म्हणतो घे!"

शेवटी मान खाली घालून पूर्ण व्हिडिओ दाखवला. तिनं तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा इतकी हसली की पंप ओढावा लागला.

"चल," ती म्हणाली, "पर तू संगं बसायचं."

आरोग्य केंद्रात बायकांची भली रांग. नर्सबाईंनी टोपण काढलं. अक्का दगडासारखी शांत. मी...

डोळे उघडले तेव्हा अर्धी रांग पांगली होती. अक्का दंड चोळत ओरडत होती, "कुठं पळता गं? टोचली मला, पडला ह्यो! लस चांगली हाय, माझा भाऊच बाद हाय!"

इतकं खरं वाक्य, पण कुणीच रेकॉर्ड केलं नाही. मी पडताना मात्र तिघींनी केलं होतं. संध्याकाळपर्यंत मी दुसऱ्यांदा वारलो होतो.