ध्रुपदातली तान

लेकीच्या तंबोऱ्याच्या गवसणीला डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी लहानपणच्या, अशाच वासाच्या शहागंजातल्या संगीत परीक्षेच्या खोलीत पोचतो. ध्रुपद जुनं, ख्याल नंतरचा, ध्रुपदात ताना घेत नाहीत, हे मी घडाघडा सांगितलं.

"आता ध्रुपद गा," परीक्षक म्हणाले.

गाता गाता मी ऐटीत तान मारली.

"अरे, आत्ताच काय सांगितलंस?" ते हसले.

"नुसतं पाठ नको करू, गाऊन बघ," असं रोज बजावणारे माझे मास्तर पेटीवर साथीला होते. ते म्हणाले, "पोराचं नाय साहेब, माझ्याच शिकवण्यात कसर राहिली."

दोष त्यांच्यावर गेल्यानं मला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं. पास झाल्यावर पेढे घेऊन मास्तरांच्या दारापर्यंत गेलो, आतून पेटी ऐकू आली आणि कडी न वाजवताच परतलो.