गाण्याच्या शेवटी कापलेली नावं

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक अजून डोक्यातून जात नाही.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना गिरडकडच्या गावातली एक अंगणवाडी सेविका तक्रार घेऊन आली. गोंड समाजाची बाई. गावातल्या म्हाताऱ्या बायकांची गोंडी गाणी ती मोबाईलवर रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायची. कुणीही फुकट घ्यावीत, मुलांना शिकवावीत. अट एकच, शेवटची नावं ठेवावीत. कारण त्या बायकांची रीत होती, गाणं संपलं की गाणारी स्वतःचं नाव घ्यायची आणि ते गाणं तिला कुणी दिलं हेही सांगायची.

एका चॅनेलने सगळी गाणी उचलली, शेवटची नावं कापली आणि स्वतःचं नाव लावलं. बाईने जाब विचारला. दोन दिवसांत तिच्याच खात्यावरून मूळ गाणी गायब झाली आणि तिथे मजकूर आला, 'ही गाणी मी त्या चॅनेलला देऊन टाकली आहेत.'

"जास्त गाणे माह्या सासूचेच हायेत, साहेब. म्हणते, आमचे नावं विकले तू. तवापासून बोलूनच नाई राह्यली माह्याशी."

"पासवर्ड कोणाले सांगितला?"

"कोणालेच नाई."

"बदलला कधी?"

"थो बदलता येते का?"

खातं जाम गावातल्या मोबाईल दुकानदाराने उघडून दिलं होतं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. लोक नवा फोन दुकानदाराच्या हातात देतात, तो पासवर्ड ठरवतो, आणि पुढे तोच चालतो. त्याच खात्यात तिच्या घरचे फोटो आणि कागदपत्रंही होती.

जामच्या चौकातल्या चहावाल्याने खबर दिली. "त्याच्यापाशी वही हाये, साहेब. साऱ्यायचे पासवर्ड लिहून ठेवते थो."

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. चॅनेल त्याचंच निघालं. गाणी उचलल्याचं त्याने लपवलं नाही.

"फुकटात टाकलेलं घेतलं, साहेब. त्यात चोरी कायची?"

"मंग नावं काऊन कापली?"

"थे कोण आयकते? लोकायले गाणं पाह्यजे."

मी टेबलावर हात आपटला. तो हलला नाही. खात्यात शिरल्याचं कबूल करेना, मूळ गाणीही आपल्याकडे नाहीत म्हणाला. रागाने काम होईना, तेव्हा मी सौद्यावर आलो. दुसऱ्यांचे पासवर्ड जपून ठेवणारा माणूस काहीच फेकत नाही, एवढा हिशेब माझा पक्का होता.

"झडती होणारच. भर बाजारात करू, की स्वतः काढून देतो?"

"देल्लं तं केसमधी काही कमी होईन?"

"काहीच नाही. पाहणारे कमी होतील."

घासाघीस अर्धा तास चालली. शेवटी पंचांसमोर वही आणि पेन ड्राईव्ह जप्त झाला. गाणी त्यात पूर्ण होती, नावांसकट. पुढे लॉगिनच्या नोंदींतही त्याच्याच दुकानाचं कनेक्शन निघालं.

प्रसिद्धिपत्रकात फक्त वरिष्ठांचं नाव आलं. माझं नाही, माझ्या हवालदाराचं नाही. तो राग अजून उतरलेला नाही.

त्यानंतर ज्या गावात सभा घेतली, तिथे लोकांना स्वतःच्या हाताने पासवर्ड बदलायला लावला. घरचं खातं वेगळं आणि बंद ठेवा, जगाला द्यायचं ते दुसऱ्या खात्यावरून द्या, असं सांगत राहिलो. फुकट दिलेली वस्तू बेवारस नसते, हेही सांगायचो. ते मी शिकलो त्या सासूच्या जबाबाच्या दिवशी.

आवाज ओळखायला तिला ठाण्यात बोलावलं होतं. बाकावर सुनेपासून लांब, तोंड फिरवून बसली. पेन ड्राईव्हमधलं एक गाणं लावलं. ते संपलं आणि तिचाच आवाज गोंडीत काही बोलला. मी अर्थ विचारला.

"म्हणते, हे गाणं मले माह्या जावेनं देल्लं," सून म्हणाली.

म्हातारी झटक्यात वळली.

"नीट सांग ना वो साहेबाले! मोठ्या जावेनं. लहानीले कुठी येत होतं गाणं?"

सून रडायला लागली. सासू सरकून तिच्याजवळ बसली. मी जबाबात 'जावेने' खोडून 'मोठ्या जावेने' लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली.