काळीला वेगळं जेवू द्या

गेल्या वर्षी कारखान्याचा हंगाम संपला आणि आमच्या मळ्याशेजारच्या ऊसतोड मजुरांच्या खोप्या एका दिवसात उठल्या. मागं राहिले चुलीचे दगड, एक फाटकी ताडपत्री आणि एक काळी कुत्री. चार दिवस ती त्या ताडपत्रीवरच बसून होती. पाचव्या दिवशी मी तिला भाकरी टाकली. तिनं ती चावलीच नाही, नुसती गिळली, आणि खाताना माझ्याकडं बघून गुरगुरत राहिली.

मी तिला घरी आणलं. आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीवर आधीच एक तांबडा कुत्रा होता, पिलापासून वाढवलेला, सगळ्यांचा लाडका. दोघांचं एरवी चांगलं जमलं. एकाच गोणपाटावर झोपायचे. पण खाणं समोर आलं की काळी बदलायची. मान थाळीवर, अंग ताठ, डोळे तिरके आणि घशातून बारीक आवाज. तांबडा दहा हातांवर बसलेला असला तरी.

माझे धाकटे दीर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "वहिनी, हिला मालक कोण ते कळलं न्हाई. खाताना थाळी काढून घ्यायची. दोन काठ्या बसल्या की सरळ हुती."

आणि ते रोज तसं करायला लागले. ती खायला लागली की काठीनं थाळी ओढायची, गुरगुरली की पाठीत एक द्यायची.

"भावजी, तुमच्या म्होरचं ताट कुणी असं वडलं तर?" मी एकदा विचारलं.

"मी काय कुत्रं हाय व्हय?" ते म्हणाले, आणि ओसरीवर बसलेले सगळे हसले.

महिन्याभरात काळीनं गुरगुरणं सोडलं. दीर खूश झाले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

मग एका रविवारी पाहुणे आले. मटणाचं जेवण झालं. दीरांनी ताटातली हाडं गोळा केली आणि अंगणात दोन्ही कुत्र्यांच्या बरोबर मधोमध फेकली. "बघू, कोण जितंय," म्हणाले. पाहुणे खुर्च्या सरकवून बघायला बसले.

काळी गुरगुरली नाही. सरळ तांबड्याच्या कानावर गेली. मी धावले आणि काही न सुचून मध्ये हात घातला. मनगटात दात रुतले. ते दात तांबड्याचे होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितले. त्याचाही दोष नव्हता. कान फाटत असताना कोण बघून चावतं? कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा दोघं सुटले.

पण तासाभरात वस्तीभर झालं, काळी चावली. मी चार जणांना सांगितलं, "काळी न्हवं, तांबडा." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चोराला पाठीशी घालत होते. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देताना नर्सनं विचारलं, कुत्रं घरचं की मोकाट? माझ्याआधी दीरच बोलले, "ऊसतोड्यांचं हाय." तेवढ्यात सगळं आलं म्हणायचं. ज्यांनी अख्खा हंगाम आमचा ऊस तोडला, त्यांच्या कुत्रीनं चावायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर काळी पिकअपच्या हौद्यात बांधलेली.

"पाटणकडं डोंगरात सोडून येतो," दीर म्हणाले. "जगंल कुठंबी."

मी पट्टी बांधलेला हात तसाच धरून गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. "हाडं कुणी टाकली, भावजी?"

ते हौद्यातल्या दोरीची गाठ तपासायला लागले.

"न्यायचंच तर कराडला जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. मीबी येती. तांबड्याचा कान तर शिवायचाच हाय."

तांबड्याला मी पुढं माझ्या पायाशी घेतलं आणि दीरांनी गाडी कराडकडं काढली. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं कान शिवला, सगळं ऐकून घेतलं आणि दीरांनाच विचारलं, "ती गुरगुरायची तेव्हा तुम्ही मारायचात ना? ती सांगत होती, लांब राहा. तुम्ही तिचं सांगणं बंद केलंत. भूक आणि भीती तशीच राहिली. मग ती न सांगता याला चावली."

दीर म्हणाले, "आमी लय कुत्री बघितलीत, बाई."

"मग ही पण बघा," ती शांतपणे म्हणाली.

तिनं सांगितलं त्यात जादू काहीच नव्हती. दोघांना वेगळं खायला घालायचं, मध्ये बंद दार हवं. खाऊन झालं की थाळ्या उचलायच्या, मगच दार उघडायचं. अंगणात हाड किंवा शिळी भाकरी पडू द्यायची नाही. काळी खात असताना तिच्या थाळीतून काही काढायचं नाही. लांबूनच जाता जाता एखादा चांगला तुकडा टाकायचा, म्हणजे माणूस जवळ आलं की काही जातं नव्हे, मिळतं, हे तिला कळेल.

आता काळी कडब्याच्या खोलीत जेवते, तांबडा मागच्या पडवीत. पहिले दोन महिने मी रोज दोन्ही वेळा दारं लावली, थाळ्या उचलल्या, अंगण झाडून काढलं. बाया म्हणायच्या, "कुत्रीला खोली, लय कौतुक बाई." जाऊबाई भाकरीचे तुकडे अंगणात टाकायच्या, मी उचलायची. त्यांनी पुन्हा टाकले, मी पुन्हा उचलले. शेवटी त्या थांबल्या.

पावसाळ्यात एकदा मला ताप आला होता. उठून बघते तर दीर कडब्याच्या खोलीचं दार लावून बाहेर उभे होते, हातात तांबड्याची रिकामी थाळी. मी परत जाऊन पडले. पण त्याच आठवड्यात ओसरीवर कुणालातरी सांगत होते, "लय खुनशी हुती, मीच शिकवली." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं लाटणं जरा जोरात आपटलं.

काळी आता मी खोलीच्या दाराशी आले तर शेपूट हलवते, मान उचलते. तांबडा मात्र खाताना तिला आजही जवळ चालत नाही. कदाचित कधीच चालणार नाही. डॉक्टरबाईनं तसं आधीच सांगितलं होतं. येणारा-जाणारा विचारतो, "अजून सुधारली न्हाई व्हय?" सुधारायचं काय आहे त्यात? तिला निवांत जेवायचं आहे, एवढंच. दार लावायला मला अर्धं मिनिट लागतं.