देवीपुढची ढाल

काल शाळेच्या मैदानात पोरं कबड्डीसाठी फक्की मारून रेघा आखत होती. दमट मातीवर पडलेल्या चुन्याचा वास नाकात गेला आणि मला मिलिंद आठवला.

आमच्या गावच्या संघाने महाडच्या स्पर्धेतली विजेत्याची ढाल एकदाच जिंकली, ती बौद्धवाडीतल्या या मिलिंदच्या जिवावर. शेवटच्या चढाईत तिघं अंगावर असताना त्याने मधल्या रेघेला बोट टेकवलं. अख्ख्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं.

मग रिवाजाप्रमाणे टेम्पो थेट ग्रामदेवीच्या देवळापाशी थांबला. ढाल देवीपुढे ठेवली, नारळ फुटला. मिलिंद पायरीखालीच उभा राहिला. त्याला कोणी अडवलं नव्हतं, पण 'आत ये' असंही कोणी म्हणालं नव्हतं. कर्णधार मी. बाहेर जाऊन खोबऱ्याचा तुकडा मी वरूनच त्याच्या हातावर टाकला.

"घे रे, पयला मान तुझा."

"खोबरं नको. ढाल बाहेर आण, मी अजून हातात पण घेतली नाय."

"देवीपुढं ठेवलेली उचलायची नाय रे."

तेव्हा मला माझंच मन केवढं मोठं वाटलं होतं!

पुढच्या वर्षी बौद्धवाडीचा वेगळा संघ उतरला. मिलिंदने आम्हाला पहिल्याच फेरीत हरवलं. त्याला गद्दार म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

ढाल अजून तिथेच आहे, काळी पडलेली. देवळाची चावी गेली वीस वर्षं माझ्याच खिशात असते. पायरीवरून मिलिंदचं घर दिसतं.