यंत्राच्या अंगात आलेलं वारं

विहिरीच्या मोटारीमुळं न्हाई डुलत ती यंत्राची रेघ, किती वेळा सांगू? पण आप्पांनी, म्हंजी वडिलांनी, फोनवर एकच धरलं होतं: कवठे येमाईच्या घरी मी बसवलेलं भूकंपाचं यंत्र बिघडलंय, ते काढायचं आणि त्या खोलीत कांदा भरायचा. आई म्हणाली, "त्याच्या अंगात वारं आलंय." देवी अंगात आलेली बाई घुमते ना, तसं. यंत्राला हळदीकुंकूही लावलं तिनं.

मी चेन्नईकडं कारखान्यात फिटर, शाळा आठवीपर्यंत. ओव्हरटाइमच्या पैशातून सुटे भाग घेतले, व्हिडिओ बघून जोडले. ते गोणीखाली जाणार म्हटल्यावर सुट्टी टाकली.

तिकडून येणार असाल तर दौंडलाच उतरा. वडापाव खाऊन घ्या, कारण शिरूरची एसटी कवा येईल ते तिलाच ठाऊक. तिकीट शंभराच्या आसपास. भीमा ओलांडली की दोन्हीकडं ऊस. शिरूरला मिसळ, पुढं जीप. ती भरल्याशिवाय हलत न्हाई.

घरी गोण्या दारातच रचलेल्या. "आले का शास्त्रज्ञ," आप्पा म्हणाले.

मी विहिरीची मोटार बंद केली. शेजारच्या मामांनाही त्यांची बंद करायला लावली. रेघ डुलतेच आहे.

"आता बोला."

"काय बोलू? यंत्रच येडं हाय तुझं."

मग मोबाइलवर अरबी समुद्रातलं वादळ दाखवलं. समोरासमोरच्या लाटा भिडल्या की समुद्राचा तळ दणकतो, आणि ती थरथर जमिनीतून पार आपल्या घरापर्यंत येते.

"समुद्र कुठं आन् कवठं कुठं," आप्पा म्हणाले. "बरं, वादळ मोडल्यावर ही रेघ गप बसली तर खोली तुझी. न्हाईतर कांदा."

परतीच्या आदल्या दिवशी वादळ विरल्याची बातमी आली. रेघ तोवर बारीक होत आली होती, संध्याकाळी तर सुतासारखी सरळ. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मी काय म्हणलं व्हतं," आई चुलीपासून म्हणाली. "वारंच व्हतं ते."

आप्पा उठले, गोणीचं एक टोक धरलं. "धर तिकडनं. पडवीत टाकू."

चेन्नईला परत येऊन आठवडा झाला. खोली जिंकली, पण त्याहून मोठं म्हणजे काल आप्पांचा आपणहून फोन आला. "फरशी पोकळ वाजती रं. खाली खडक लागंस्तवर खणतो, त्यावरच यंत्राला चौथरा घेऊ. समुद्र नीट ऐकू यील." सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी धरून आज त्यांना सहा हजार रुपये पाठवतोय.